वर्दिंगची कौन्सिल निवडणूक, २ मे: भारतीय पासपोर्टवर मत देता येतं, तेव्हा द्याच

सडाफुली | ६ एप्रिल २०२४, सकाळी १०:१२

सध्या इथे सगळे धागे लोकसभेचे आहेत, आणि ते साहजिकच आहे. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे ७ मेला मतदान आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत द्यायचं तर केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, त्यामुळे यंदाही मला ते जमणार नाही. हळहळ वाटते.

पण त्याआधी गुरुवारी, २ मेला, इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी स्थानिक निवडणुका आहेत. मी राहते त्या वर्दिंगमध्येही आहे. या मतदानाचा हक्क आपल्याला आहे हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नाही, म्हणून हा धागा.

नियम सोपा आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला स्थानिक आणि संसदेच्या, दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, कायम वास्तव्याचा परवानाही लागत नाही. नोकरीचा व्हिसा असो, शिक्षणाचा असो की जोडीदाराच्या व्हिसावर आलेले असा, नाव मतदारयादीत हवं एवढंच. नोंदणीची शेवटची तारीख १६ एप्रिल, मंगळवार, रात्री ११:५९ पर्यंत. ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा.

आता वर्दिंगबद्दल, कारण ही निवडणूक कोरड्या नियमांपुरती नाही.

ससेक्सच्या किनाऱ्यावर, ब्रायटनच्या पश्चिमेला, सुमारे १ लाख ११ हजार वस्तीचं हे गाव. १८६२ सालचा धक्का समुद्रात गेलेला, गोट्यांचा किनारा, मागे साउथ डाउन्सच्या टेकड्या. निवृत्त लोकांचं शांत गाव अशी याची ख्याती होती, आणि राजकारणही तसंच ठरलेलं. लेबर पक्षाचा एकही कौन्सिलर इथे चाळीसहून अधिक वर्षं निवडून आला नव्हता. मग ऑगस्ट २०१७ मध्ये मरीन वॉर्डाच्या पोटनिवडणुकीत बेकी कूपर जिंकल्या. त्यानंतर पाचच वर्षांत, मे २०२२ मध्ये, ३७ जागांच्या कौन्सिलमध्ये लेबरला बहुमत मिळालं. वर्दिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच. कूपरच नेत्या झाल्या.

कोणाला मत द्या हे सांगायला मी आलेली नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की जे गाव कधीच बदलणार नाही असं सगळे धरून चालले होते, ते एका पोटनिवडणुकीपासून बदलायला लागलं. ब्रायटनची घरं परवडेनात म्हणून तरुण कुटुंबं इकडे आली. त्यांनी नावं नोंदवली आणि मतं दिली. आपणही तसेच बाहेरून आलेले आहोत.

---

दर्यावर्दी | ६ एप्रिल २०२४, सकाळी ११:४०

अतिशय उपयोगी धागा. एक शंका. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, दोन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करायचा आहे. मत दिलं तर त्या अर्जावर काही परिणाम होईल का? ऑफिसातले एक सीनियर म्हणाले, असल्या भानगडीत पडू नकोस.

---

सडाफुली | ६ एप्रिल २०२४, दुपारी १२:०५

दर्यावर्दी, काहीही परिणाम होत नाही. कायद्यानं दिलेला हक्क आहे. उलट नाव यादीत असण्याचा वेगळा फायदा आहे: इथल्या पतमापन कंपन्या तुमचा पत्ता मतदारयादीवरून तपासतात, त्यामुळे पुढे घरासाठी कर्ज काढताना मदत होते. आणि पत्रक आलं की उत्तर देणं बंधनकारक असतं. दर वर्षी कौन्सिल घरोघरी चौकशी करते तेव्हा आपले लोक ते पाकीट "आपलं नाही" म्हणून बाजूला ठेवतात. ते आपलंच असतं.

---

परशुराम घाट | ६ एप्रिल २०२४, दुपारी २:३०

सडाफुली ताई, तुमचा उत्साह चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी या देशात तीस वर्षांच्या वर आहे, ब्रिटिश नागरिक आहे, त्यामुळे मत देतो. पण जो मनुष्य पाच वर्षांसाठी आलाय, उद्या परत जाणार आहे, त्यानं इथल्या लोकांच्या गावाचा कारभार ठरवणं मला प्रशस्त वाटत नाही. आपल्या गावात कोणी पाच वर्षांसाठी आला आणि ग्रामपंचायतीत मत द्यायला लागला तर आपल्याला रुचेल का? आपण पाहुणे आहोत याचं भान असावं.

---

औषधपाणी | ६ एप्रिल २०२४, रात्री ९:१५

काका, आदरपूर्वक सांगते. मी इथल्याच एका रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीत ज्यांच्या उशाशी बसते ती याच गावची म्हातारी माणसं. कौन्सिल टॅक्स भरते, मुलगा इथल्या शाळेत जातो, भाडं इथल्या घरमालकाला देते. पाहुण्याकडून कोणी घरपट्टी घेत नाही.

मागच्या वर्षी आमच्या भाड्याच्या घरात भिंतींना इतकी ओल आली की मुलाचा खोकला जाईना. घरमालक दाद देत नव्हता. शेवटी कळलं की खासगी भाड्याच्या घरांची तपासणी करणारा विभाग कौन्सिलचा असतो. अधिकारी आले, नोटीस गेली, काम झालं. त्या विभागात माणसं किती ठेवायची, पैसे किती द्यायचे, हे ठरवणारे लोक २ मेला निवडले जाणार आहेत. मग मी का गप्प बसू?

---

परशुराम घाट | ७ एप्रिल २०२४, सकाळी ८:५०

औषधपाणी, मुलगा आता बरा आहे ना? तुमचा मुद्दा वजनदार आहे. कर भरणाऱ्याला विचारलं गेलं पाहिजे हे मान्य. तरीही निदान काही काळ राहून, गाव समजून घेऊन मग मत द्यावं, असं मला अजूनही वाटतं.

---

सडाफुली | ७ एप्रिल २०२४, सकाळी १०:२०

काका, गाव समजून घ्यावं हे शंभर टक्के. म्हणूनच थोडं सांगते, कारण या गावाचा कारभार किती जिवाभावाचा विषय आहे हे त्याच्या इतिहासात दिसतं.

वर्दिंगला स्वतःची नगरपालिका मिळाली १८९० मध्ये. जेमतेम तीन वर्षं झाली आणि १८९३ मध्ये गावात टायफॉइडची साथ आली. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी शिरलं होतं. जवळपास २०० माणसं गेली. हवापालटासाठी लोक ज्या गावी यायचे त्या गावाकडे पुढे कित्येक काळ कोणी फिरकेना. पाणी आणि गटारं ही कौन्सिलची कामं होती, आणि त्यात चूक झाली की काय होतं ते या गावानं पाहिलं.

मग १९१० मध्ये एलन चॅपमन इथून निवडून आल्या. बायकांना संसदेसाठी मत देण्याचा हक्कही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. १९२० मध्ये त्या वर्दिंगच्या महापौर झाल्या, अख्ख्या ससेक्समधल्या पहिल्या महिला महापौर. म्हणजे ज्यांना मोठ्या सभागृहाचं दार बंद होतं त्या बाई गावच्या कौन्सिलच्या दारातून आत आल्या. आपल्याला तर दोन्ही दारं उघडी आहेत.

---

तिसरी घंटा | ७ एप्रिल २०२४, दुपारी १:००

पुण्याहून लिहितोय. ताई, तुमच्या धाग्यानं जखमेवर बोट ठेवलंत. मुंबई आणि पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक आहेत. प्रभागरचना, आरक्षण, न्यायालय, आणि निवडणूक काही होत नाही. दोन वर्षं झाली, आमच्या प्रभागाला नगरसेवकच नाही. पाणी आलं नाही, रस्ता खचला, तर सांगायचं कोणाला? पूर्वी नगरसेवकाच्या नावानं खडे तरी फोडता येत होते, त्याच्या दारात जाऊन उभं राहता येत होतं.

तुम्हाला मत द्यायला मिळतंय तर एकानंही घरी बसू नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

---

दर्यावर्दी | ७ एप्रिल २०२४, संध्याकाळी ६:१०

नोंदणी केली! पाच मिनिटांच्या आत झाली. बायकोचीही केली, ती डिपेंडंट व्हिसावर आहे. आम्ही वर्दिंगला नाही, शेजारी शोरमला राहतो. ते एडर डिस्ट्रिक्टमध्ये येतं. तिथेही २ मेला निवडणूक आहे ना?

पण मला एक कळत नाही. कौन्सिलचे दोन-दोन थर आहेत असं दिसतंय. नक्की कोण काय करतं?

---

सडाफुली | ७ एप्रिल २०२४, रात्री ८:४५

हो, एडरमध्येही आहे. वर्दिंग आणि एडर या दोन वेगळ्या कौन्सिल, पण अधिकारी-कर्मचारी वर्ग दोघांचा मिळून एकच आहे.

थर असे. वेस्ट ससेक्स काउंटी कौन्सिल चिचेस्टरला बसते. शाळा, रस्ते, वाचनालयं, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल तिच्याकडे. आपल्या गावच्या कौन्सिलकडे कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, बागा, समुद्रकिनारा, बेघरांची सोय, भाड्याच्या घरांवरची देखरेख, कौन्सिल टॅक्स गोळा करणं. बिल गावच्या कौन्सिलच्या नावानं येतं, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा काउंटीला जातो, काही पोलिसांना, आणि गावाकडे अगदी थोडा उरतो. त्यामुळे रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी गावच्या कौन्सिलरला धारेवर धरू नका, ते काम त्याच्या हातात नाही. यंदा त्याच दिवशी ससेक्सच्या पोलीस आयुक्तपदाचीही निवडणूक आहे, म्हणून दोन कागद हातात येतील. गोंधळू नका.

समुद्रात सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्याबद्दल इथले लोक फार चिडलेले आहेत, दारावर येणारा प्रत्येक उमेदवार त्यावर बोलतो. पण ते काम आता खासगी पाणी कंपनीकडे आहे. सदर्न वॉटरला २०२१ मध्ये न्यायालयानं ९ कोटी पौंडांचा दंड केला, २०१० ते २०१५ या काळात समुद्रात आणि नद्यांत मैलापाणी सोडल्याबद्दल. त्या कंपनीचं मुख्यालय वर्दिंगमध्येच आहे. १८९३ नंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी गाव पुन्हा त्याच प्रश्नाशी येऊन ठेपलंय, फक्त आता किल्ली कौन्सिलच्या हातात नाही. उमेदवारानं "मी समुद्र स्वच्छ करीन" म्हटलं तर त्याला विचारा, कसा करणार? दबाव आणणार म्हणजे कोणावर, कुठे?

जिथे कौन्सिलच्या हातात खरंच काही आहे ती गोष्ट म्हणजे जमीन. गावाच्या पश्चिमेला गोरिंग आणि फेरिंग यांच्यामध्ये मोकळी शेतजमीन आहे. तिथे ४७५ घरं बांधायचा एका बिल्डरचा प्रस्ताव आला. कौन्सिलनं २०२१ मध्ये नाकारला. बिल्डरनं अपील केलं, सरकारी निरीक्षकानं परवानगी दिली. कौन्सिल थांबली नाही, हायकोर्टात गेली, आणि २०२२ मध्ये निरीक्षकाचा निर्णय रद्द झाला. पुढे अपील न्यायालयातही कौन्सिलचीच बाजू टिकली. ही लढाई सुरू झाली कन्झर्व्हेटिव्ह कौन्सिल असताना आणि चालू राहिली लेबरच्या काळात. मला याचा अभिमान वाटतो. पण त्याच वेळी औषधपाणीसारख्या माणसांना परवडणारं घर मिळत नाही, हेही खरंच आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं बांधायची कुठे? स्टेशनजवळची टेव्हिल गेटची जागा वर्षानुवर्षं मोकळी पडलीय. मी उमेदवारांना हेच विचारणार आहे: शेत वाचवलंत, छान, आता घरं कुठे उभी करणार ते सांगा.

---

निळी छत्री | ८ एप्रिल २०२४, सकाळी ७:३०

हेस्टिंग्जहून हजेरी. तुमच्याकडे निदान एका पक्षाचं बहुमत आहे. आमच्याकडे डिसेंबरात कौन्सिलचे नेतेच आपल्या काही सहकाऱ्यांसह लेबर सोडून गेले आणि वेगळा गट केला. आणि कौन्सिलची आर्थिक अवस्था फार वाईट आहे. कारण एकच, तात्पुरता निवारा. घर गेलेल्या कुटुंबाला छप्पर देणं हे कायद्यानं कौन्सिलचं कर्तव्य. भाडी वाढली, घरमालकांनी घरं सुट्टीच्या भाड्याला लावली, लोक बेघर झाले, आणि त्यांना गेस्ट हाउसमध्ये ठेवण्याचा खर्च कौन्सिलच्या तिजोरीतून. समुद्रकाठच्या गावांचं हे दुखणं आहे. बाहेरून फिरायला येणाऱ्याला रंगीत घरं दिसतात, आतली कुटुंबं दिसत नाहीत.

आमच्याकडे ३२ पैकी निम्म्या जागांसाठी मतदान आहे. मी एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा ऐकायला गेले होते. चारही पक्षांचे लोक एका टेबलाशी, समोर गावकरी, आणि प्रश्न थेट नावानिशी. ध्वनिक्षेपक नाही, हार नाहीत. मला ते फार आवडलं. आपापल्या गावात अशी सभा असेल तर जरूर जा, तिथे माणूस कळतो.

---

खाडीकाठ | ८ एप्रिल २०२४, दुपारी १२:१५

"एका मतानं काय होतं" असं कोणी म्हणायच्या आधीच सांगतो. मी ईशान्य किनाऱ्यावर, न्यूकॅसलच्या बाजूला राहतो. आमच्या वरच्या अंगाला ब्लाइथ म्हणून बंदराचं गाव आहे. मे २०१७ मध्ये नॉर्थम्बरलँड काउंटीच्या निवडणुकीत साउथ ब्लाइथमध्ये लिबरल डेमोक्रॅट आणि कन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली, ३५६ आणि ३५६. फेरमोजणी केली, तेच. मग कायद्याप्रमाणे काड्या ओढून निकाल लावला. लिबरल डेमोक्रॅट उमेदवार जिंकल्या, आणि त्या एका जागेमुळे ६७ जणांच्या कौन्सिलमध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत हुकलं, ३३ वर अडकले. त्या वॉर्डात घरी बसलेला एक माणूस उठून गेला असता तर काड्या ओढायची वेळच आली नसती.

आणि आपल्या माणसाचीच आठवण काढायची तर दादाभाई नौरोजी. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून खासदार झाले ते पाच मतांनी, आणि फेरमोजणीत तो फरक तीनवर आला. पुढे व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून सेंट पँक्रसचे कौन्सिलर होते, तिथल्या वाचनालयांसाठी त्यांनी पुष्कळ काम केलं. देश पारतंत्र्यात असताना ही माणसं इथे निवडून येत होती. परशुराम घाट काका, त्यांनाही कोणी पाहुणे म्हटलं असेलच की.

---

परशुराम घाट | ८ एप्रिल २०२४, रात्री ९:३०

खाडीकाठ, दादाभाईंचं नाव घेतलंत, तिथे मी काय बोलू! पण त्यांनी दोन्ही देशांचा अभ्यास किती खोल केला होता हेही सांगा तरुणांना. माझं म्हणणं तेवढंच आहे. आमच्या शेजारी एक गुजराती जोडपं आणि वरच्या मजल्यावर दोन नागपूरची मुलं राहतात, नोंदणी कोणाचीच नाही. उद्या सांगतो त्यांना, आणि पत्रकं वाचूनच मत द्या हेही सांगतो.

---

औषधपाणी | ९ एप्रिल २०२४, दुपारी ३:००

काका, मुलगा छान आहे आता. आणि त्या मुलांना ओळखपत्राचंही सांगा.

मे २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. बायोमेट्रिक रहिवासी कार्ड चालतं, इथलं लायसन्स चालतं. मुदत संपलेलं असलं तरी चालतं, फोटोवरून ओळख पटली पाहिजे. विद्यापीठाचं कार्ड मात्र चालत नाही. ज्येष्ठांचा बस पास चालतो आणि तरुणांचा रेल्वे पास चालत नाही, यात मला सरळसरळ अन्याय दिसतो. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मोफत मतदार प्रमाणपत्रासाठी २४ एप्रिलपर्यंत अर्ज करा. पाळीमुळे जाता येणार नसेल तर टपाली मतासाठी अर्ज करायची मुदत १७ एप्रिल. रुग्णालयातल्या आमच्या वॉर्डातल्या मल्याळी आणि फिलिपिनो मैत्रिणींना मी विचारलं. मल्याळी मैत्रिणींना आपल्यासारखाच हक्क आहे, फिलिपिनो मैत्रिणींना नाही, कारण त्यांचा देश राष्ट्रकुलात नाही. एकाच वॉर्डात एकाच पाळीत काम करतो आम्ही. त्यांच्याकडे पाहून तरी आपण हा हक्क वाया घालवू नये.

---

दर्यावर्दी | २ मे २०२४, संध्याकाळी ७:५०

दोघंही मत देऊन आलो. पहिल्यांदाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केंद्र सकाळी ७ ते रात्री १०. रांग नव्हती. दाराबाहेर पक्षांचे कार्यकर्ते छातीवर रंगीत रिबिनींची फुलं लावून बसलेले, ते मतदार क्रमांक विचारतात, सांगायलाच हवा असं नाही. आत पासपोर्ट दाखवला, यादीत नावावर रेघ ओढली, कागद दिला. शाई नाही, मशीन नाही. प्लायवूडच्या आडोशात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल, नावासमोर फुली करायची, घडी घालून पेटीत टाकायची. बाईंनी माझं नाव उच्चारायचा मनापासून प्रयत्न केला आणि "थँक यू फॉर व्होटिंग" म्हणाल्या. बायको भारतात असताना लग्नानंतर पत्ता बदलल्यामुळे कधी मतच देऊ शकली नव्हती. तिचं आयुष्यातलं हे पहिलं मत.

---

सडाफुली | ४ मे २०२४, सकाळी ९:४०

दर्यावर्दी, वहिनींचं खास अभिनंदन!

निकाल लागले. वर्दिंगमध्ये लेबरनं बहुमत राखलं. आणि दर्यावर्दींच्या एडरमध्ये मोठा बदल: कन्झर्व्हेटिव्हांकडून सत्ता लेबरकडे गेली. हेस्टिंग्जमध्ये कोणालाच बहुमत नाही, पण १२ जागांसह ग्रीन पक्ष सगळ्यात मोठा झाला. निळी छत्री, तिकडचं पुढे काय होतं ते लिहीत राहा.

मला मात्र काळजी वाटते ती घरी बसलेल्यांची. स्थानिक निवडणुकीत साधारण तीनातला एक माणूस मत देतो, इथलेही आणि आपलेही. वॉर्ड लहान असतात, एखाद्या इमारतीतले सगळे लोक उठून गेले तरी निकालावर परिणाम होऊ शकतो.

---

निळी छत्री | ४ मे २०२४, सकाळी ११:१०

लिहीन नक्की. एक विचारायचं होतं. मला कायम वास्तव्याचा परवाना मिळालाय, पासपोर्ट अजून भारतीयच. निवडणुकीला उभं राहता येतं का?

---

सडाफुली | ४ मे २०२४, दुपारी १२:३०

येतं! मत द्यायला कोणताही वैध व्हिसा पुरतो, उभं राहायला मात्र कायम वास्तव्याचा परवाना लागतो, तो तुमच्याकडे आहे. त्या कौन्सिलच्या मतदारयादीत नाव हवं किंवा वर्षभर तिथे राहत अथवा काम करत असायला हवं. अर्जावर त्याच वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या, सूचक आणि अनुमोदक. अनामत रक्कम नसते. पगार नसतो, भत्ता मिळतो. कौन्सिलच्या नोकरीत असाल तर त्याच कौन्सिलला उभं राहता येत नाही. कौन्सिलच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात, त्यांना आत्तापासून जाऊन बसा. विचार पक्का झाला तर इथेच सांगा. पत्रकं वाटायला मी येईन, वर्दिंगहून थेट गाडी नसली तरी.

---

परशुराम घाट | ४ मे २०२४, दुपारी ४:००

नागपूरच्या दोघा मुलांनी मत दिलं. त्यातला एक जूनमध्ये घर बदलतोय, दुसऱ्या गावी. त्याचं नाव आपोआप तिकडे जातं का?

---

सडाफुली | ४ मे २०२४, दुपारी ४:२५

नाही काका. घर बदललं की नवीन पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते. या वर्षात संसदेची निवडणूक कधीही जाहीर होऊ शकते, म्हणून त्याला म्हणावं, किल्ली हातात आली की त्याच दिवशी करून टाक.